एका खांबाचा इतिहास

मागच्या उन्हाळ्यात मी एक दुपटं विणायला घेतलं आणि त्याचं पायपुसणं झालं.

ताईला बाळ होणार होतं. मी मिहानमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो, आठवड्यातले तीन दिवस घरून. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद असतो, हात रिकामे असतात. आजीच्या पेटीत क्रोशाच्या सुया पडून होत्या. म्हटलं, साखळी तर लहानपणी येत होती, दुपटं काय अवघड आहे! नेटवरून एक इंग्रजी पॅटर्न उतरवला. त्यात पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एकच सूचना होती, डबल क्रोशे. पलीकडे आजी बसलेली होती. तिला विचारलं, "आजी, डबल क्रोशे म्हणजे काय?"

"मुका खांब," आजी म्हणाली. एका क्षणात, न अडखळता.

मी चार दिवस मुके खांब घातले. कापड बोटभर वाढायला एक मीटिंग जायची. पाचव्या दिवशी आजीने ते हातात घेतलं, दाबून पाहिलं आणि म्हणाली, "काय करून राहिला रे बापा? हे तं पायपुसणं होऊन राहिलं. बाळाले टोचन ना!"

चूक कोणाचीच नव्हती. पॅटर्न अमेरिकन होता आणि आजीचं इंग्रजी ब्रिटिश. पन्नासच्या दशकात अमरावतीच्या शाळेत शिवणाच्या तासाला बाईंनी जे पुस्तक समोर ठेवलं, त्यातले शब्द आजीने पाठ केले होते. अमेरिकेत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात, त्याला इंग्लंडमध्ये डबल क्रोशे म्हणतात. अमेरिकेचं डबल ते इंग्लंडचं ट्रेबल. अख्खी यादीच एका घराने सरकलेली. आमच्या धंद्यात मोजणी शून्यापासून सुरू करायची की एकापासून, यावरून प्रोग्राम कोसळतात. तसंच हे. फरक एवढाच की इथे चूक स्क्रीनवर लाल अक्षरांत दिसत नाही, चार दिवसांनी बोटांना कळते.

मराठीत मात्र हा घोटाळा होऊच शकत नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं. आपल्याकडे त्या टाक्याचं नाव आकड्यावरून पडलेलं नाही, रूपावरून पडलं आहे. तो उभा दिसतो म्हणून खांब. बुटका राहतो, खांबासारखा वर येतच नाही, तो मुका खांब. ज्या कोण्या बायांनी ही नावं पाडली, त्यांनी पुस्तकाकडे पाहिलं नसावं, कापडाकडे पाहिलं असावं.

या खांबाच्या मागे लागून मी वर्षभर जे वाचलं, विणलं आणि उसवलं, ते इथे सांगतो.

खांब म्हणजे काय

ज्यांनी कधी सुई धरली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लोकरीच्या स्वेटरला दोन सुया लागतात आणि एका वेळी शंभर-दीडशे टाके सुईवर जिवंत असतात. एक निसटला की खालपर्यंत शिडी पडते. क्रोशाला एकच सुई, टोकाला आकडा, आणि टाका पुरा झाला की सुईवर एकच फास उरतो. बाकी सगळं मागे पक्कं झालेलं असतं. म्हणून क्रोशाचं काम कुठेही थांबवता येतं. दूध उतू चाललं, दारावर कोणी आलं, मूल रडलं, खाली ठेवा. परत उचला, तिथूनच सुरू. हा गुण लक्षात ठेवा. या कलेचा सगळा इतिहास त्या एका गुणावर उभा आहे.

खांब घालायचा तर सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्यायचा, सुई खालच्या टाक्यात घालायची, दोरा ओढून आणायचा. आता सुईवर तीन फास झाले. दोरा घेऊन त्यातले दोन सोडवायचे, परत दोरा घेऊन उरलेले दोन सोडवायचे. झाला खांब. आधीचा वेढा घेतलाच नाही तर मुका खांब. वेढा घेतला पण तिन्ही फास एकदम सोडवले तर अर्धा खांब. दोन वेढे घेतले तर लांब खांब. बस, एवढंच. हालचाल एकच, फक्त वेढे किती घेतले आणि कितीदा सोडवले एवढा फरक.

पण या फरकातून कापडाचा स्वभाव बदलतो. मुका खांब घट्ट बसतो, म्हणून पिशवीचा तळ, पर्स, टेबलावर गरम भांड्याखाली ठेवायची चकती आणि भुसा भरलेली खेळणी यांना तोच हवा. जपानी पद्धतीच्या ज्या छोट्या बाहुल्या आज इन्स्टावर दिसतात, त्या अमिगुरुमी म्हणजे गोल गोल फिरत गेलेले मुके खांब. अर्धा खांब टोपीला आणि मोज्यांना बरा, ऊबही राहते आणि लवचीकपणाही. दुपट्याला आणि शालीला पूर्ण खांब, कारण दोन खांबांमधून हवा खेळते. एकाच घरात पाच खांब घातले की शिंपला उमलतो, तो रुमालाच्या काठाला. दोन खांबांमध्ये एक साखळी ठेवून दोन्ही एकाच घरात घातले की इंग्रजी व्ही दिसतो, तो ओढणीला. नागपूरच्या मे महिन्यात दुपटं विणायचं तर माझ्या मते हा व्हीच बरा. पंचेचाळीस डिग्रीत बाळाला ऊब नको असते, पंख्याची हवा हवी असते.

सहा आणि बारा

आजीच्या पेटीत सुयांखाली एक वही होती. शाळेची, चौकटीची, गणिताची. पहिल्या पानावर गोल रुमालाची रीत होती. मुका खांब ६, पुढच्या फेरीत १२, मग १८, मग २४. खाली दुसरी ओळ होती. खांब १२, मग २४, मग ३६.

सहाच का? पाच किंवा आठ का नाही? मी कागदावर मांडून पाहिलं. मुका खांब जवळपास जेवढा रुंद तेवढाच उंच असतो. म्हणजे प्रत्येक फेरीला वर्तुळाची त्रिज्या एका टाक्याने वाढते. त्रिज्या एकाने वाढली की परीघ दोन पायने, म्हणजे सुमारे ६.२८ ने वाढायला हवा. टाका काही सव्वासहा घालता येत नाही, म्हणून सहा. पूर्ण खांब जवळपास दुप्पट उंच असतो, म्हणून बारा. आजीला मी हे मोठ्या उत्साहाने समजावून सांगितलं. ती म्हणाली, "कमी घातले तं वाटी होते, जास्त घातले तं झालर येते. त्यात पाय कुठून आला?"

त्या झालरीवर एका गणितज्ञ बाईने नाव कमावलं आहे. शाळेत आपण शिकतो की एका रेषेबाहेरच्या बिंदूतून तिला समांतर अशी एकच रेषा जाते. पण एकोणिसाव्या शतकात अशी भूमिती मांडली गेली जिथे अशा अनेक रेषा जातात. तिला हायपरबोलिक भूमिती म्हणतात. तसं पृष्ठ हातात धरता येईल असं बनवणं अवघड होतं. विल्यम थर्स्टन यांनी कागदाच्या पट्ट्यांचं मॉडेल सुचवलं होतं, पण ते हाताळताना फाटायचं. १९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात शिकवणाऱ्या, मूळच्या लाटव्हियाच्या डायना टाइमिना यांनी ते क्रोशाने विणलं. रीत अगदी सोपी आहे. ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवायचा, प्रत्येक ओळीत, न चुकता. कापडाला मावायला जागा उरत नाही आणि ते लाटांसारखं दुमडत जातं. विद्यार्थ्यांना ते घडी घालून, ताणून पाहता आलं. पुढे २००५ मध्ये मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्टहाइम या बहिणींनी हीच रीत घेऊन लोकरीचं प्रवाळबेट विणायला सुरुवात केली आणि जगभरातल्या हजारो लोकांनी त्यात हात लावला. आमच्या घरात फ्रिजवरच्या रुमालाला तीच लाट होती. तिच्यावर मी लहानपणी गाडी चालवायचो.

बटाटा कुजला तेव्हा

क्रोशा फार प्राचीन असेल असं मला वाटत होतं. तसं नाही. डेन्मार्कच्या लिस पालुदान यांनी या कलेच्या इतिहासाचा मोठा शोध घेतला. त्यांना युरोपात १८०० च्या आधीचा भक्कम पुरावा सापडला नाही. १८१२ च्या सुमाराला स्कॉटलंडमध्ये आकड्याने विणण्याला मेंढपाळी विणकाम म्हणत. छापील नमुने १८२० च्या दशकात 'पेनेलोपे' या डच मासिकात आले. काही अभ्यासकांचं मत असं की चौकटीवर ताणलेल्या कापडावर आकड्याने साखळी काढायची कला पूर्वेकडून युरोपात गेली, तिथे कोणीतरी खालचं कापड काढून टाकलं आणि हवेतच साखळी विणली. कच्छच्या मोची समाजाचं आरीभरत ज्यांनी पाहिलं असेल त्यांना हे पटायला वेळ लागणार नाही. ते खरं असेल तर आकडा इथूनच गेला आणि फिरून परत आला.

तो परत कसा आला याची गोष्ट मात्र भुकेची आहे.

१८४५ मध्ये आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडला. गरिबांचं सगळं अन्नच बटाटा होतं. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं मेली आणि जवळपास तेवढीच देश सोडून गेली. त्या काळात कॉर्कजवळच्या कॉन्व्हेंटमधल्या उर्सुलाइन नन बायकामुलींना क्रोशाची लेस शिकवू लागल्या. १८४७ मध्ये क्लोन्स या गावात कॅसान्ड्रा हँड या धर्मगुरूच्या पत्नीने तेच केलं. इटलीची सुईची लेस श्रीमंतांना हवी असायची, पण ती करायला खूप वेळ लागे. तीच नक्षी आकड्याने बऱ्याच कमी वेळात उतरते, हे एलेओनोर रिएगो द ला ब्रांशार्दियेर या बाईने पुस्तकं काढून लोकांपर्यंत नेलं. ती विशीतही नव्हती तेव्हा तिचं पहिलं पुस्तक आलं. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात तिला पदकही मिळालं.

आयरिश पद्धतीत एक बाई एकच तुकडा विणायची. कोणी फक्त गुलाब, कोणी फक्त पान. नंतर ते सगळे तुकडे जाळीने जोडून गळपट्टी किंवा झगा तयार होई. गुलाब करणाऱ्या बाईला अख्खा झगा कधी दिसायचाही नाही. मोठ्या कंपनीत लहानसं मॉड्यूल लिहिणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

इंग्लंडात व्हिक्टोरिया राणी स्वतः क्रोशा करायची. बोअर युद्धातल्या मोजक्या सैनिकांना द्यायला तिने म्हातारपणी आपल्या हाताने गळपट्टे विणले होते. एकाच साम्राज्यात, एकाच टाक्यात, राणीचा फावला वेळ होता आणि उपाशी बाईची भाकर होती.

नरसापूर

ज्या दशकात आयर्लंडच्या बाया आकडा हातात घेत होत्या, त्याच दशकात, १८४४ च्या सुमाराला, गोदावरीच्या मुखाजवळच्या नरसापूर भागात मॅक्रे नावाचं मिशनरी दांपत्य आलं. त्यांनी तिथल्या गरीब बायकांना क्रोशाची लेस शिकवली असं सांगतात. १८४५ मध्ये स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडहून नागपूरला आले. आमच्याकडचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. त्या काळातल्या मिशनच्या मुलींच्या शाळांमध्ये वाचन-लेखनाबरोबर सुईकाम असेच. पुढे आपल्या सुधारकांनीही ते उचललं. १९०९ मध्ये पुण्यात रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने सेवासदन सुरू झालं, त्यात शिवणकामाचे वर्ग होते. विधवेला किंवा टाकलेल्या बाईला घराबाहेर न पडता चार पैसे मिळावेत हा हेतू. हेतू चांगलाच होता. पण घराबाहेर न पडता, या तीन शब्दांनी पुढे काय केलं ते नरसापूरला दिसतं.

जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथे जाऊन राहिल्या. नरसापूरच्या लेस करणाऱ्या बायांवरचं त्यांचं पुस्तक १९८२ मध्ये आलं. त्यात दिसतं ते असं. बहुतेक बाया ख्रिश्चन किंवा कापू जातीच्या. कापू घरांत बाईने शेतावर मजुरीला जाणं कमीपणाचं मानलं जाई, मग घरात पैसा नसला तरी चालेल. व्यापारी दोरा द्यायचा, दलाल घरोघर फिरून माल गोळा करायचा, नगावर मजुरी मिळायची. स्वयंपाकपाणी सांभाळून दिवसाचे सहा-सात तास बाया विणायच्या आणि हाती पडायचं ते शेतमजूर बाईच्या किमान वेतनापेक्षाही खूप कमी. लेस परदेशी जात होती, परकीय चलन येत होतं, मोठी घरं उभी राहत होती. पण या बाया कामगार आहेत असं कोणीच म्हणत नव्हतं. ना व्यापारी, ना नवरे, ना त्या स्वतः. त्या गृहिणी होत्या आणि फावल्या वेळात थोडं विणत होत्या.

क्रोशाचा गुण मी सुरुवातीला सांगितला होता. कुठेही थांबवता येतं, कुठूनही सुरू करता येतं. म्हणून ते चुलीशेजारी बसून होतं. म्हणून त्याला वेळ लागतो हे कोणाला दिसत नाही. आणि जे काम करायला वेळ लागलेला दिसत नाही, त्याचे पैसे कोण देणार?

२०२४ मध्ये नरसापूरच्या क्रोशे लेसला भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या नागपूरच्या संत्र्याला आहे, तसंच. लेसला नाव मिळालं हे चांगलंच झालं.

सुस्वागतम्

आता परत नागपूर. हे कापसाचं शहर. १ जानेवारी १८७७ ला, ज्या दिवशी दिल्लीत दरबार भरवून व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं, त्याच दिवशी जमशेटजी टाटांची गिरणी इथे सुरू झाली. म्हणून तिचं नाव एम्प्रेस मिल. गिरणी बंद पडली, आज तिथे मॉल आहे. त्या मॉलमध्ये मी क्रोशाचा एक टॉप पाहिला. लेबलवर देश होता, कंपनी होती, धुण्याच्या सूचना होत्या. विणणाऱ्या हाताचं काहीच नव्हतं. आणि हात तर नक्की होता, कारण क्रोशाचं काम करणारं यंत्र अजून कारखान्यात पोचलेलं नाही. प्रयोगशाळांत प्रयत्न चालू आहेत. दिसायला क्रोशासारखी जाळी यंत्रावर निघते, पण तिची वीण वेगळी असते. खरा खांब अजून माणसालाच घालावा लागतो.

तुमच्या घरीही ही कापडं असतील. टीव्हीवरचा रुमाल, रुखवतात मांडलेला ताटावरचा गोल रुमाल, बाळंतविड्यातली कुंची, आणि दारावरचं तोरण, ज्यात सुस्वागतम् विणलेलं असतं. ते तोरण कसं होतं ते सांगतो, कारण मला ते कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो. रिकामा चौकोन म्हणजे खांब, दोन साखळ्या, खांब. भरलेला चौकोन म्हणजे त्या दोन साखळ्यांच्या जागी दोन खांब. बस. शून्य आणि एक. चौकटीच्या वहीत ज्या घरात फुली तिथे भरायचं. आपल्या फोनचा स्क्रीन अक्षर दाखवतो ते याच रीतीने. देवनागरीला तर सोयच आहे, शिरोरेषा म्हणजे भरलेल्या चौकोनांची एक सलग ओळ. त्रास उकार, जोडाक्षर आणि पायमोडक्या म चा. शिवाय ओळ संपली की कापड उलटवायचं, म्हणून नकाशा एक ओळ उजवीकडून आणि पुढची डावीकडून वाचायचा. मी पहिल्यांदा हे विसरलो आणि माझा स्व कोणत्याच लिपीत बसेना.

आजीच्या वहीत सुस्वागतम् चा नकाशा होता, फुल्या-फुल्यांचा. त्याच्या पुढच्या पानांवर मला वाटलं आणखी नमुने असतील. तिथे आकडे होते. तोरण, रुमाल, बाळाचा संच, आणि पुढे तारीख, वजन, रुपये. १९८२ च्या दिवाळीपासून १९८४ च्या एप्रिलपर्यंत.

वजन कशाचं ते विचारलं तेव्हा आजी हळूहळू बोलायला लागली. इतवारीतल्या एका दुकानदाराची बाई महालात घरोघर दोरा द्यायची, तोलून. माल परत घेताना पुन्हा तोलायची. दोरा कमी भरला तर तेवढे पैसे कापायची. तोरणाला १२ रुपये, रुमालाला ३, बाळाच्या संचाला १५. नुसती हातमजुरी. नरसापूरबद्दल आजीने कधी ऐकलेलं नव्हतं. ती तेच करत होती.

मी बेरीज केली. ४१ तोरणं, ८६ रुमाल, १० संच. बरोबर ९०० रुपये. आणि शेवटच्या ओळीखाली एकच शब्द, कूलर.

आमच्या घरी तो कूलर अजून आहे. लोखंडी, दोनदा रंगवलेला, मोटर तीनदा बदललेली. उन्हाळ्यात ताट्या बदलून अजून चालतो. त्याला घरात सगळे आजोबांचा कूलर म्हणतात. बाबा सांगतात की ते आठवीत असताना आजोबांनी तो आणला आणि गल्लीतली पोरं हवा खायला यायची. आजोबा सरकारी कचेरीत कारकून होते. त्यांनी तो रिक्षात घालून आणला हे खरंच आहे.

"तू कधी सांगितलं काहून नाही?" मी विचारलं.

"कोणी विचारलं काहून नाही?" आजी म्हणाली. मग जरा वेळाने, "तुझ्या आजोबाले माहीत होतं. लोकाइले सांगू नको म्हणाले. बायको मजुरी करते असं वाटलं असतं ना लोकाइले."

मग मी एक प्रयोग केला. सुस्वागतम् ची पट्टी स्वतः विणली आणि फोनवर स्टॉपवॉच लावलं. सुई ठेवली की बंद, उचलली की चालू. २६ तास लागले. मी नवशिका, आजीचा हात दुप्पट वेगाचा धरू. १३ तास. १२ रुपयांना १३ तास, म्हणजे तासाला रुपयाहूनही कमी. ४१ तोरणांचे ५३३ तास. आठ तासांचा दिवस धरला तर ६६ दिवस, नुसत्या तोरणांचे. ऑफिसात मी रोज संध्याकाळी टाइमशीट भरतो. पंधरा मिनिटांचं काम असलं तरी त्याला नंबर असतो. आजीच्या वहीत तारीख आहे, वजन आहे, पैसे आहेत. तासांचा रकाना नाही. तो दुकानदाराला नको होता आणि आजीला सुचला नाही.

बाबांना वही दाखवली. त्यांनी ती दोनदा चाळली, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "आईचा टाइमपास आहे असंच वाटायचं आम्हाला." मग उठून कूलरमध्ये पाणी टाकायला गेले. तेव्हा ते भरलेलंच होतं.

दुपटं

आजीला आता डोळ्यांनी नीट दिसत नाही. दोरा बोटात धरला की खांब अजून बरोबर पडतो, पण मोजायला दुसरं कोणी लागतं. वहीतले संक्षेप फक्त तिलाच कळतात. "सा ३ खां २ मु" म्हणजे काय ते सोपं आहे, पण एका पानावर नुसतं "शेजारच्या वहिनीसारखं" असं लिहिलेलं आहे. ती वहिनी १९८६ मध्ये भोपाळला गेली. तो नमुना आता आजीच्या बोटांतच आहे. म्हणून रविवारी आम्ही बसतो. ती विणते, मी मोजतो आणि लिहून घेतो. मराठीत लिहितो, खांब आणि मुका खांब. म्हणजे उद्या कोणी इंग्लंडचं पुस्तक घेऊन आलं किंवा अमेरिकेचं, तरी पायपुसणं होणार नाही.

ते पहिलं दुपटं मी उसवलं. क्रोशाची हीसुद्धा एक खुबी आहे. शेवटचा फास सुटला की चार दिवसांचं काम दोन मिनिटांत परत दोरा होतं, आणि दोरा वाया जात नाही. त्याच दोऱ्याचं दुसरं दुपटं केलं, व्हीच्या खांबांचं, काठाला शिंपले. ताईला मुलगी झाली. ती त्यात झोपते आणि बोटं खांबांमध्ये अडकवून ठेवते.

दुपटं झालं त्या रात्री मी आजीची वही काढली. १९८४ च्या एप्रिलनंतरची पानं कोरी आहेत. पहिल्या कोऱ्या पानावर तिच्यासारखेच रकाने आखले आणि एक जास्तीचा आखला. तारीख लिहिली. दुपटं १. पैसे, शून्य. तास, ३१.

आजीला वाचून दाखवलं. ती हसली. "तास लिहिते का रे कोणी?"

"लिहितात," मी म्हटलं.

"मंग माह्या तोरणाचे बी लिहून टाक," आजी म्हणाली आणि कुशीवर वळली. "पण तेरा नाही. रात्री लाइट जायची तेव्हा चिमणीच्या उजेडात करत होती मी. पंधरा लिही."